मोबदला : एक साडी

निवृत्त झाल्यावर वर्षभराच्या आत माझा उजवा खांदा आखडला. केस विंचरायला हात वर जाईना, ब्लाउजचा मागचा हूक लावायला नवऱ्याला हाक मारावी लागायची. महापालिकेच्या दवाखान्यात मी आयुष्यभर सिस्टर होते, पेशंट उचलून उचलून खांद्याची वाट लागली होती, त्यात नवल काही नव्हतं. डॉक्टरांनी फिजिओथेरपी सांगितली. बोरीवली पूर्वेला आमच्या सोसायटीपासून जवळच एका ट्रस्टचा दवाखाना आहे, तिथे स्वस्तात होते. रोज सकाळी मी तिथे जायला लागले.

तिथेच ती भेटली.

तिशीची असेल. सावळी, हडकुळी, केस घट्ट बांधलेले. डाव्या हाताचं प्लास्टर नुकतंच काढलेलं होतं आणि हात असा सुकला होता की दोन्ही हात एकाच बाईचे वाटत नव्हते. रबरी चेंडू मुठीत धरून ती दाबायची आणि दुखलं की ओठ चावायची. मी भिंतीवरच्या लाकडी पट्ट्यांवरून बोटं चढवत होते. मला वाटायचं, जोर लावला की खांदा सुटेल.

"मावशी, काहून एवढा जोर लावता? तुटून जाईन ना हात," ती म्हणाली.

मी बोटं पट्टीवर तशीच ठेवून मागे वळून पाहिलं. 'काहून' हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला होता. माझा जन्म अकोल्याकडच्या खेड्यातला. लहान असतानाच वडील आम्हाला घेऊन मुंबईत आले, घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत आम्ही वाढलो. आम्ही भावंडं चार दिवसांत मुंबईची भाषा बोलायला लागलो, शाळेत कुणी हसू नये म्हणून मुद्दाम. आई मात्र शेवटपर्यंत 'काहून' आणि 'हाव' म्हणत राहिली. ती गेल्यावर माझ्या घरात तसं बोलणारं कुणी उरलं नाही.

"कुठली गं तू?" मी विचारलं.

"वाशिमकडची. तुम्ही?"

मी गावाचं नाव सांगितलं. ती हसली. माझ्या मोबाईलच्या कव्हरवर आमच्या विहारातल्या कार्यक्रमाचा स्टिकर होता. त्याच्याकडे बघून म्हणाली, "जयभीम मावशी." मी जयभीम म्हटलं आणि तिच्या शेजारच्या बाकावर बसले.

पुढे रोज आम्ही एकाच वेळी जायला लागलो. मी डब्यात काहीतरी न्यायची. कधी थालीपीठ, कधी नुसता चिवडा. ती खायची ते भुकेल्या माणसासारखं, पण सावकाश, कुणाला कळू नये असं. हळूहळू तिने सांगितलं. नवरा दहिसरला कुठल्याशा गाळ्यात कामाला होता. प्यायचा. मूल नव्हतं. हात कसा मोडला विचारलं तर म्हणाली, बाथरूममध्ये पडले.

तिच्या पिशवीत एक्स-रे होता. मी तो काढून उजेडाला धरला. पडून मोडलेला हात वेगळा दिसतो. हा मोड तिरका होता, हाडाभोवती वळसा घेऊन गेलेला. कुणीतरी हात धरून पिळल्यावर हाड असं जातं. कॅज्युअल्टीत मी असे हात पुष्कळ पाहिले होते, आणि त्यातल्या बहुतेक बायकासुद्धा बाथरूममध्येच पडलेल्या असायच्या.

"पडलीस?" मी विचारलं.

तिने दुसऱ्या हाताने सुकलेला हात झाकला. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी एक्स-रे पाकिटात घातला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या क्षणी मी तिची झाले असं म्हणायला हरकत नाही. नंतर तिने जे काही मागितलं, ते तिला फारसं मागावं लागलंच नाही.

तिला नवऱ्याला सोडून जायचं होतं. मालाडला बायकांसाठी कॉट भाड्याने मिळतात, तिथे राहून काम शोधायचं होतं. वडील गावाकडून पैसे द्यायला तयार होते. पण तिचं एटीएम कार्ड नवऱ्याकडे, खात्याला नंबरही त्याचाच जोडलेला. पैसे आले की त्याला मेसेज जाणार.

"मावशी, बाबांनी पैसे तुमच्या खात्यात टाकले तर चालन का? तुम्ही मले काढून द्या. पहिल्यांदा थोडेच. औषधापुरते."

मी हो म्हणाले. विचार केला नाही, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. पण ते खरं नाही. विचार केला होता. माझ्या मनात आलं होतं की ही बाई आपल्याला फसवत असेल का. आणि लगेच मला तो विचार आल्याचीच लाज वाटली. पिळून मोडलेला हात समोर असताना तुला असं सुचतंच कसं, असं मीच मला विचारलं.

वडिलांना नाव नीट हवं होतं म्हणून मी तिला पासबुकच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला. मग ते म्हणाले म्हणे, आधार कार्ड पण पाठवा, आमच्याकडची बँक विचारते. तोही पाठवला. आठ हजार आले. मी एटीएममधून काढून तिला दिले, वर माझे दोन हजार घातले. तिने पाया पडायला वाकल्यासारखं केलं. मी तिला वरच्या वर धरलं आणि म्हणाले, "आपल्यात हे करत नाहीत गं." तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, हे सांगायला हवं. निवृत्त झाल्यापासून कुणाला माझी एवढी गरज लागली नव्हती. दवाखान्यात वॉर्डच्या औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असायची. घरी आल्यावर मी फक्त दुधाची पिशवी कापणारी बाई झाले होते.

पुढच्या वेळी अठ्ठेचाळीस हजार आले. खोलीच्या डिपॉझिटचे, ती म्हणाली. एवढे एटीएममधून एका दमात निघेनात म्हणून मी बँकेत गेले. तिथला कॅशियर मला वर्षानुवर्षं ओळखतो.

"सिस्टर, एवढी कॅश? घरात लग्न आहे की काय?"

"भाचीला मालाडला जागा घ्यायची आहे. डिपॉझिट."

मला कुणी शिकवलं नव्हतं. भाची हा शब्द आपोआप तोंडातून आला.

मालाड स्टेशनच्या बाहेर बाजाराच्या तोंडाशी एक उडप्याचं हॉटेल आहे. तिथे आम्ही भेटलो. मी पाकीट दिलं, तिने न मोजता पर्समध्ये घातलं. मग पिशवीतून एक पुडकं काढलं. निळी सुती साडी, बारीक काठाची.

"अगं, हे कशाला? नको."

"नाई म्हणू नका मावशी. बाबांनी पाठवली. म्हणाले, तुह्या पाठीशी जी उभी राह्यली तिले दे."

दोनदा नको म्हणाले आणि घेतली. त्या पौर्णिमेला मी तीच साडी नेसून विहारात गेले. बायकांनी काठ हातात घेऊन पाहिला, कुठून आणली विचारलं. मी म्हणाले, "भाचीने दिली."

त्यानंतर ती फिजिओला आली नाही. फोन लागेना. मला वाटलं, नवी जागा, नवं काम, सिमकार्ड बदललं असेल. एकदा मनात आलं, नवऱ्याने शोधून काढलं असेल का? मी काळजी करत राहिले. त्या दिवसांत मी नवऱ्याजवळसुद्धा तिचा विषय काढायची. त्यांना ऐकू कमी येतं. ते मान हलवायचे आणि म्हणायचे, "येईल गं. कामात असेल."

मग एक दिवस केमिस्टकडे यांच्या बीपीच्या गोळ्या घेतल्या आणि पैसे जाईनात. मोबाईलवर लाल रेघ. पुन्हा केलं, पुन्हा लाल. मागे माणसं उभी होती. केमिस्ट म्हणाला, "काकू, सर्व्हर डाउन असेल, नंतर द्या." मी समोरच्या एटीएममध्ये गेले. तिथेही पैसे निघेनात. तशीच बँकेत गेले.

खिडकीतल्या पोराने स्क्रीनकडे पाहिलं आणि मला मॅनेजरच्या केबिनमध्ये पाठवलं. मॅनेजर तरुण बाई होती. तिने दार लोटून घेतलं.

"मॅडम, तुमच्या खात्यातून पैसे काढणं थांबवलंय. दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र आलंय. फसवणुकीची रक्कम तुमच्या खात्यात आली आणि तुम्ही ती कॅशमध्ये काढली, असं त्यात आहे."

"अहो, पण माझी पेन्शन त्याच खात्यात येते."

"येईल. फक्त काढता येणार नाही."

मी बाहेर आले तेव्हा तो जुना कॅशियर समोरच होता. त्याला कळलेलं होतं. त्याने मान खाली घालून नोटा मशीनमध्ये लावायला सुरुवात केली. त्याने मला काही विचारलं असतं तर बरं झालं असतं.

घरी येऊन मी यांना सांगितलं. मोठ्याने सांगावं लागलं, आणि आमच्या खिडक्या सोसायटीच्या पॅसेजमध्ये उघडतात. मी उठून खिडकी लावली आणि मग पुन्हा सांगितलं. त्यांनी हातातला पेपर घडी घालून ठेवला. मग म्हणाले, "पोराला सांग."

मी लगेच सांगितलं नाही. कपाटातल्या साड्यांच्या घडीत ठेवलेले पैसे काढून भाजी आणली, दूध आणलं. मुलाचा फोन यायचा तेव्हा म्हणायची, सगळं ठीक आहे. माझा मुलगा अंधेरीला एका कंपनीत कामाला आहे, सून पण नोकरी करते, दोघं मालाडला राहतात. मालाडला! त्यांच्या घरापासून चालत जाता येईल अशा हॉटेलात बसून मी ते पाकीट दिलं होतं आणि त्यांना न भेटता परत आले होते. शेवटी घरातली कॅश संपत आली, तेव्हा फोन केला.

तो ऑफिसातून तसाच आला. त्याने आरडाओरडा केला नाही. केला असता तर मला उलट बोलता आलं असतं. तो माझ्या शेजारी सोफ्यावर बसला आणि लहान मुलाला समजावतात तसं, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागला.

"आई, कुणालातरी फोनवर घाबरवून पैसे उकळतात. ते पैसे स्वतःच्या खात्यात घेत नाहीत, कारण मग पोलीस त्यांना शोधून काढतील. म्हणून तुझ्यासारख्या माणसाचं खातं वापरतात. तुझ्या खात्यात टाकायचे, तुझ्याकडून कॅश घ्यायची. पोलीस येतात ते तुझ्या दारात. समजलं?"

"समजलं रे. मी काय अडाणी आहे?"

"मग का केलंस?"

मी त्याला एक्स-रेचं सांगितलं. वळसा घेऊन गेलेल्या हाडाचं. त्याने ऐकून घेतलं, मग माझा मोबाईल मागितला, आणि पैसे पाठवायचं ॲप माझ्यासमोर काढून टाकलं. "काही दिवस नको," म्हणाला. मी त्याला अडवलं नाही. त्याच्या बापाच्या गोळ्यांचे पैसे केमिस्टला त्यानेच जाताना दिले.

दुसऱ्या दिवशी तो सुट्टी घेऊन मला पोलीस स्टेशनला घेऊन गेला. सायबरच्या टेबलावर एक तरुण पीएसआय बाई होती. माझ्या हाताखाली शिकलेल्या कितीतरी मुली आज तिच्या वयाच्या असतील. तिने आधी फिजिओतल्या त्या मुलीचं नाव, पत्ता विचारला. नाव मी सांगितलं. फिजिओच्या रजिस्टरमध्ये ते नाव नव्हतंच, तिथे ती दुसऱ्याच नावाने होती आणि रोजचे पैसे रोख देत होती. पत्ता दहिसर, एवढाच मला माहीत. फोनचं सिम कुठल्याशा परराज्यातल्या म्हाताऱ्याच्या नावावर निघालं. रोज माझ्या डब्यातलं खाणाऱ्या बाईबद्दल पोलिसांना सांगता येईल असं माझ्याकडे काही नव्हतं, हात सोडला तर. तो मी नीट सांगितला. कुठलं हाड, कुठे मोड, कसा मोड.

"म्हणजे तिला कुणीतरी मारत होतं, हे खरं असावं," मी म्हणाले. "कदाचित तोच तिच्याकडून हे करून घेत असेल."

"असेल ना सिस्टर. असतात अशा. पण पैसे तर गेले ना?" तिने पेन उचललं. "आता मला सांगा, खातं भाड्याने दिलं होतंत का?"

मला प्रश्नच कळला नाही. भाड्याने खोली देतात, भांडी देतात.

"लोक देतात हो. महिन्याला इतके, व्यवहाराला इतके. तुम्हाला कमिशन किती मिळालं?"

"काही नाही. उलट मीच दोन हजार दिले."

"काहीच नाही? वस्तू वगैरे?"

मुलगा शेजारी बसला होता. मी टेबलावरच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो? तिला कधी कळलंही नसतं. पण विहारातल्या बायकांनी तो काठ हातात घेऊन पाहिला होता.

"साडी दिली होती," मी म्हणाले. "सुती. सात-आठशेची असेल."

"लिहावं लागेल," ती म्हणाली. तिच्या आवाजात कीव होती, ती मला जास्त लागली. तिने लिहिलं आणि वाचून दाखवलं. 'सदर व्यवहाराचा मोबदला म्हणून एक साडी स्वीकारली.' मी वाकून सही केली. खांदा तेव्हाही पुरता सुटला नव्हता, सही वेडीवाकडी आली. मुलाने सहीच्या आधी ते वाक्य स्वतः वाचलं. गाडीत बसल्यावर तो बोलला ते इतकंच, "वरणभात खाशील ना? तुझ्या सुनेने करून ठेवलाय."

मग त्या दुसऱ्या राज्यातल्या अधिकाऱ्याशी बोलायचं होतं. मुलाने स्पीकरवर फोन लावला. मी सगळं पुन्हा पहिल्यापासून हिंदीत सांगितलं. तो माणूस चांगला होता. म्हणाला, ज्यांचे पैसे गेले त्या बाई आत्ताच माझ्यासमोर बसल्या आहेत, बोलायचं आहे का? मुलगा हाताने नको नको करत होता. मी हो म्हणाले.

त्या घरी शिवणकाम करायच्या. त्यांचा मुलगा परगावी शिकायला होता. त्यांना कुणाचा तरी फोन आला होता की मुलाला नशेच्या पुड्यांसह पकडलंय, आत्ता पैसे भरले तर सोडतो, आणि मागे एक पोरगा 'मम्मी, मम्मी' करून रडत होता. त्यांनी त्याच्या फीसाठी ठेवलेले पैसे, आधी आठ हजार आणि पुन्हा फोन आल्यावर उरलेले, पाठवून दिले. मुलगा दोन्ही वेळा वर्गात बसला होता.

"आप वही हैं, जिनके खाते में गया?" त्यांनी विचारलं.

"हां."

"और निकाला भी आपने ही?"

"हां. मैंने ही निकाला."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आपकी आवाज़ तो अच्छे घर की लगती है," त्या म्हणाल्या.

त्या टोमणा मारत होत्या की त्यांना खरंच आश्चर्य वाटत होतं, मला आजही कळलेलं नाही. मी त्यांना सांगणार होते की मलासुद्धा फसवलं. वाक्य तोंडात तयार होतं. पण त्यांचे पैसे गेले होते आणि माझं काय गेलं होतं? मी साडी नेसून मिरवून आले होते. मी म्हणाले, "माफ़ कीजिए बहन." त्यांनी फोन अधिकाऱ्याला परत दिला.

पुढे घरात वाद झाला. माझ्या खात्यात माझे पैसे शिल्लक होते, निवृत्तीच्या वेळचे. सगळं खातंच बंद होतं, आणि त्यातले छप्पन हजार पोलिसांनी त्या बाईंच्या पैशांपोटी अडकवून ठेवले होते. मुलाच्या ओळखीचा एक वकील म्हणाला, लढता येईल, सिस्टरनी गुन्हा केलेला नाही, त्या स्वतःच फसल्यात, त्यांनी आपल्या खिशातून का भरायचं? मुलालाही ते पटत होतं.

"आई, तू काही खाल्लं नाहीस. ते पैसे तुझ्या घामाचे आहेत."

"त्यांचे पण घामाचेच होते."

"पण चोरले दुसऱ्याच माणसाने ना? त्याला पकडू दे."

"त्याला पकडतील तेव्हा पकडतील. त्यांच्या पोराची फी आत्ता आहे."

तेवढ्यात नवरा बोलला. आम्हाला वाटत होतं त्यांना ऐकू येत नाहीये. "देऊन टाक," ते म्हणाले. "मला रात्री झोप लागत नाही तुझ्या कुशी बदलण्याने."

मी लेखी दिलं की ही रक्कम त्या बाईंना द्यायला माझी हरकत नाही. मी फार मोठं मन दाखवलं असं नव्हे. सुनेने तसं म्हणायचा प्रयत्न केला, मी तिला थांबवलं. मला फक्त ते पैसे माझ्या पासबुकात बघवत नव्हते. कोर्टाचे कागद व्हायला बरेच महिने लागले. तेवढे दिवस आमचं घर मुलाच्या पैशांवर चाललं. दर आठवड्याला तो येऊन फ्रीजवर पाकीट ठेवायचा, माझ्या हातात द्यायचा नाही. त्याला वाटायचं, त्याने मला कमी लाज वाटेल.

त्या बाईंचा पुन्हा फोन आला नाही. अधिकाऱ्याने एवढंच कळवलं की रक्कम जमा झाली. ती मुलगी सापडली नाही. मला अजून कधी कधी वाटतं, ती खरोखर सुटून जायला बघत होती आणि त्या साडीत तिचंही काही मन होतं. कधी वाटतं, मी हे फक्त स्वतःला बरं वाटावं म्हणून म्हणते. साडी मी कुणाला दिली नाही आणि पुन्हा नेसलेही नाही. विहारातल्या बायकांना मी शेवटी खरं सांगितलं. त्यातल्या एकीने माझा हात धरला, एक म्हणाली, "तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईने?" दोघींचंही मला सारखंच लागलं.

खातं मोकळं झालं त्या दिवशी मी एकटीच बँकेत गेले. मुलगा येतो म्हणाला होता, मी नको म्हटलं. पासबुक भरून घेतलं, पेन्शन साचली होती ती पाहिली, थोडे पैसे काढले. जुना कॅशियर म्हणाला, "झालं ना सिस्टर सगळं?" मी म्हणाले, "झालं."

निघताना दारापाशीच्या टेबलाजवळ एक बाई उभी होती. घरकाम करणारी असावी, पदर कमरेला खोचलेला, हातात पासबुक आणि पैसे काढायची कोरी स्लिप. तिने चार माणसांकडे पाहिलं आणि माझ्याकडे आली. का माझ्याकडेच, मला माहीत आहे. माझ्याकडे बघून लोकांना विश्वास वाटतो, सगळं आयुष्य वाटत आलाय.

"ताई, जरा हे भरून द्या ना. मला लिहिता येत नाही. लेकीला दवाखान्यात नेलंय." तिने पासबुक उघडून माझ्यापुढे धरलं. नाव, खाते क्रमांक, शिल्लक, सगळं. तिने मला कोण, कुठली, काही विचारलं नाही.

मी मागे सरकले. खरंच एक पाऊल मागे सरकले.

"चष्मा नाही आणलेला," मी म्हणाले.

चष्मा माझ्या नाकावर होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.  पासबुक मिटलं आणि छातीशी धरून दुसरीकडे वळली. कॉलेजची एक मुलगी रांगेत मोबाईल बघत उभी होती, तिच्याकडे गेली. मुलीने कानातून इअरफोन काढले, "हां मावशी, द्या," म्हणाली आणि टेबलावर वाकून लिहायला लागली. किती लिहू, अंकात, आता अक्षरात, इथे अंगठा. भरून झाल्यावर तिने बाईला बरोबर खिडकीपाशी नेऊन उभं केलं.

मी अर्धवट उघड्या दारात थांबून हे सगळं बघितलं. आत परत जाता आलं असतं. तिला लेकीचं विचारता आलं असतं, कुठल्या दवाखान्यात, काय झालंय. ते तरी मला येतं. वॉचमन म्हणाला, "मॅडम, आत की बाहेर? एसी जातोय."

मी बाहेर पडले आणि रिक्षा केली.